५-एचटी२बी रिसेप्टर रोखला तर हृदय वाचतं की बिघडतं?

सूक्ष्मदर्शी (प्रश्न)

एम.फार्म.च्या प्रकल्पाला ५-एचटी२बी, म्हणजे सेरोटोनिनचा (५-एचटी) एक रिसेप्टर, हा विषय घेतलाय आणि गाडी एकाच जागी अडकलीये. फ्रान्समधल्या एकाच गटाचं काम समोर आहे. २००० साली त्यांनी दाखवलं की ५-एचटी२बीचं जनुक काढलेल्या उंदरांची बरीच पिल्लं गर्भातच मरतात, कारण जवनिकेच्या आतली स्नायूंची जाळी नीट धरतच नाही. २००१ मध्ये, त्यातून वाचलेल्यांची डावी जवनिका फुगलेली, भिंत पातळ, आकुंचन कमी. म्हणजे सरळ डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होण्याचा आजार. आणि २००३ मध्ये तोच रिसेप्टर हृदयाच्या स्नायूपेशीत जादा घातला तर भिंती जाड होतात आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडतं.

नसला तरी बिघाड, जास्त झाला तरी बिघाड. मग औषधाने रोखायचा विचार कशाच्या जोरावर करायचा?

सोबत दोन उपप्रश्न. ५-एचटी४, म्हणजे सेरोटोनिनचा दुसरा एक रिसेप्टर, या चित्रात कुठे बसतो? आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटला नैराश्यासाठी एसएसआरआय (सेरोटोनिन पेशीत परत ओढलं जाणं रोखणाऱ्या गोळ्या) दिल्या तर हेच रिसेप्टर चेकाळतात का?

माझा आराखडा असा: विस्टार रॅट, आयसोप्रेनालिन (ॲड्रेनालिनसारखं, हृदयावर ताण आणणारं औषध) ८५ मिग्रॅ/किलो त्वचेखाली, २४ तासांच्या अंतराने दोनदा. आरएस-१२७४४५ (५-एचटी२बी रोखणारं औषध, म्हणजे अँटॅगोनिस्ट) रोज एकदा तोंडावाटे, १४ दिवस. शेवटी सीरममधलं सेरोटोनिन, वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रोटीन वेगळं करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) ५-एचटी२बी, आणि हृदयाचं वजन भागिले शरीराचं वजन. गाइडकडे नेण्याआधी चुका दाखवल्यात तर उपकार होतील.

---

गोळी_बारीक

आराखड्यात बऱ्याच चुका आहेत, पण त्या नंतर. आधी मूळ कोडं.

जनुक काढणं आणि औषधाने रोखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुक काढलेल्या उंदरात तो रिसेप्टर गर्भाच्या पहिल्या दिवसापासून नाही. हृदय घडत असताना ५-एचटी२बी हा एर्बबी२ या वाढीच्या रिसेप्टरला चालना देतो. तीच शिडी काढून घेतली तर इमारत कच्चीच उभी राहणार. मोठ्या, पूर्ण घडलेल्या हृदयात तोच रिसेप्टर दोन आठवडे बंद ठेवल्यावर काय होईल, हे त्या प्रयोगातून कळत नाही. त्यामुळे २००० आणि २००१ चे निष्कर्ष विकासाच्या खात्यात टाका, उपचाराच्या नाही.

२००३ च्या जादा-रिसेप्टरवाल्या उंदरांतही एक मेख आहे. तिथे रिसेप्टर कृत्रिमरीत्या स्नायूपेशीत भरलाय. नैसर्गिक आजारात तो नेमका कुठल्या पेशीत काम करतो, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर त्याच गटाने २००४ आणि २००९ मध्ये दिलं आणि तुमच्या प्रकल्पाचा कणा तिथे आहे. २००४ मध्ये दिसलं की आयसोप्रेनालिनने येणारी हृदयाची जाडी ५-एचटी२बी नसलेल्या उंदरांत येत नाही, आणि फायब्रोब्लास्टमधून (स्नायूपेशींमधली जोडऊती बनवणाऱ्या पेशी) सुटणारे आयएल-६, आयएल-१बीटा, टीएनएफ-अल्फा हे सायटोकाइन्स, म्हणजे दाहाचे निरोप नेणारे रेणू, या रिसेप्टरच्या ताब्यात आहेत. २००९ मध्ये त्यांनी जनुक काढलेल्या उंदरांत हा रिसेप्टर फक्त स्नायूपेशींत परत घातला. तरीही आयसोप्रेनालिनने हृदय जाड झालं नाही. म्हणजे स्नायूपेशीतला रिसेप्टर पुरेसा नाही, किल्ली फायब्रोब्लास्टकडे आहे. तिथे तो अँजिओटेन्सिनच्या एटी१ रिसेप्टरच्या जोडीने काम करतो, एकाला रोखलं तर दुसऱ्याचीही बोलती बंद होते.

पुढे २०२१ मध्ये उंदरांत हार्ट अटॅकनंतर ५-एचटी२बी रोखल्यावर व्रणाची कड कमी पसरली आणि पंपिंग बरं राहिलं. तिथेही मुख्य पात्र फायब्रोब्लास्टच.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मोठ्या उंदराच्या ताणाखालच्या हृदयात रोखणं फायद्याचं दिसतं. माणसाच्या हृदयस्नायूच्या आजारात ते औषध म्हणून सिद्ध झालेलं नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहा. बहुतेक जण पहिलं लिहून दुसरं गिळतात.

आणखी दोन गोष्टी प्रस्तावनेत हव्यात, नाहीतर परीक्षक धरतील. टीपीएच१ हे एन्झाइम आतड्यातलं सेरोटोनिन बनवतं, शरीरातला ९० टक्क्यांहून जास्त साठा तिथलाच. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांतही (२००३) हृदय मोठं होऊन निकामी होत गेलं. म्हणजे रक्तातलं सेरोटोनिन शून्यावर आणणं हाही उपाय नव्हे. दुसरं, सेरोटोनिन रिसेप्टरला शिवतही नाही अशी एक वाट आहे. स्नायूपेशी ते आत ओढून घेते, तिथे एमएओ-ए हे एन्झाइम त्याची मोडतोड करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. पेशी जाड व्हायला आणि मरायला तेवढं पुरतं. त्यामुळे अँटॅगोनिस्ट देऊनही परिणाम अर्धवट राहिला तर लगेच 'औषध निकामी' असं लिहू नका.

५-एचटी४ ची गोष्ट वेगळी. हा जीएस प्रोटीनवर चालतो, सायक्लिक एएमपी वाढवतो, म्हणजे ॲड्रेनालिनच्या बीटा-१ रिसेप्टरचा चुलतभाऊच. माणसाच्या कर्णिकेत तो असतो, हे १९९० पासून माहीत आहे. निरोगी जवनिकेत त्याचा प्रभाव जवळपास नाही, पण हार्ट फेल्युअरमध्ये तो तिथे उगवतो. निकामी होत चाललेल्या मानवी डाव्या जवनिकेत त्याच्या 'बी' प्रकाराचा एमआरएनए सुमारे चौपट सापडलाय. मग तर्क असा निघाला: बीटा-ब्लॉकर चालतो, तर ५-एचटी४ ब्लॉकर का नाही? नॉर्वेजियन गटाने पिबोसेरोड हा ५-एचटी४ ब्लॉकर देऊन पाहिलं, निकाल २००९ ला आला. १३७ पेशंट, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिका बाहेर टाकते त्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के किंवा कमी, २४ आठवडे, रोज ८० मिग्रॅपर्यंत. इजेक्शन फ्रॅक्शन प्लासिबोपेक्षा १.७ टक्क्यांनी वाढलं. चालण्याची क्षमता, जीवनमान, एनटी-प्रोबीएनपी (हार्ट फेल्युअरची रक्ततपासणी) यात काहीच फरक नाही, उलट दुष्परिणाम जास्त. गाडी तिथेच थांबली. आकड्यापुरता जिंकलेला आणि पेशंटपुरता हरलेला प्रयोग कसा दिसतो, हे शिकवायला हे उदाहरण उत्तम आहे.

रॅट आणि उंदीर यांच्या निरोगी जवनिकेत ५-एचटी४ चा परिणाम दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या रॅटवर त्याचा अभ्यास करायचा तर आधी हार्ट फेल्युअर घडवावं लागेल. नाहीतर शून्य मोजत बसाल.

आता आराखडा.

८५ मिग्रॅ/किलो दोनदा, हे मॉडेल आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांत आहे, पण ते नेक्रोसिसचं मॉडेल आहे, जाडीचं नाही. दोन दिवसांत स्नायू मरतो, ट्रोपोनिन आणि सीके-एमबी (स्नायू मेल्यावर रक्तात येणारी प्रोटीनं) उसळतात आणि बरेच प्राणी दगावतात. तुम्हाला फायब्रोब्लास्टचं संथ काम बघायचंय, तर ५ मिग्रॅ/किलो रोज, त्वचेखाली, १४ दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडे प्राणी जातील, ते धरून गटात संख्या ठेवा आणि प्राणी-नीती समितीच्या अर्जात आधीच लिहा. मागाहून संख्या वाढवून मिळत नाही.

आरएस-१२७४४५ तोंडावाटे देऊ नका. रॅटमध्ये तोंडावाटे त्याची उपलब्धता सुमारे १४ टक्के, पोटाच्या पोकळीत दिलं तर ६० टक्क्यांच्या घरात. ५ मिग्रॅ/किलो पोकळीत दिल्यावर रिसेप्टर भरून ठेवणारी पातळी किमान चार तास टिकते, असं मूळ निबंध सांगतो. चार तास. रोज एकदा दिलंत तर दिवसातले बहुतेक तास रिसेप्टर मोकळा फिरणार आणि तुम्ही म्हणणार परिणाम नाही. दिवसातून दोनदा द्या आणि एक डोस आयसोप्रेनालिनच्या अर्धा तास आधी येईल असं वेळापत्रक लावा.

गट पाच ठेवा: नुसतं सलाइन, नुसता अँटॅगोनिस्ट, नुसतं आयसोप्रेनालिन, दोन्ही, आणि आयसोप्रेनालिन अधिक लोसार्टान. तुलनेला प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. तो आयसोप्रेनालिनलाच दारात अडवतो, त्यातून कळत काहीच नाही. लोसार्टान एटी१ रोखतो, म्हणजे वर सांगितलेल्या जोडीतला दुसरा गडी. मध्येच ईसीजीही काढा. तुमच्या औषधाने हृदयाची गती उतरत असेल तर जाडी कमी होण्याचं श्रेय रिसेप्टरला देता येणार नाही.

भागाकार शरीराच्या वजनाने नको, टिबियाच्या लांबीने. आयसोप्रेनालिनवर प्राण्याचं वजन हलतं, हाडाची लांबी १४ दिवसांत हलत नाही. फायब्रोसिस, म्हणजे हृदयात साचलेलं कोलॅजन, बघायला पिक्रोसिरियस रेड हा रंग, दर प्राण्यामागे किमान दहा क्षेत्रं, मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. जोडीला हायड्रॉक्सिप्रोलिन (कोलॅजनचं प्रमाण सांगणारं अमिनो आम्ल): ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर रात्रभर, घट्ट झाकणाच्या नळीत. झाकण सैल राहिलं तर आम्ल उडतं आणि आकडा फसतो.

---

इको_खोली

वरचं सगळं मान्य. पण या विषयात झडप आणि स्नायू यांची सर्रास गल्लत होते, ती आधी सोडवू. माणसात ५-एचटी२बीचा पक्का पुरावा झडपेबाबत आहे, स्नायूबाबत नाही.

१९९७ साली वजन कमी करायला फेनफ्लुरामिन-फेंटरमिन घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या झडपांचे आजार प्रसिद्ध झाले आणि त्याच सप्टेंबरात फेनफ्लुरामिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. पुढे कळलं की यकृतात त्यापासून बनणारं नॉरफेनफ्लुरामिन ५-एचटी२बीला जोरात चालू करतं. पार्किन्सनच्या पर्गोलाइडची तीच कथा, २००७ ला अमेरिकेत बंद. फ्रान्समध्ये बेनफ्लुओरेक्स २००९ ला. या सगळ्यांत झडपेतल्या पेशी वाढतात आणि पाकळ्यांवर पांढरट, चकचकीत थर चढतो, जणू वरून मेण ओतलंय.

आपल्याकडे अडचण अशी की जाड पाकळी दिसली की हात आपोआप 'रुमॅटिक' लिहितो. इकोवर फरक असा बघा: रुमॅटिकमध्ये दोन पाकळ्यांचे सांधे चिकटतात, तोंड माशाच्या तोंडासारखं अरुंद होतं, पुढे चुना धरतो. औषधाच्या आजारात सांधे मोकळे असतात. पाकळी जाड आणि आखडलेली, तिच्या दोऱ्या आखूड, पाकळ्या मध्ये नीट भेटत नाहीत, म्हणून अरुंदपणाऐवजी गळती. मग गळतीने डावी जवनिका फुगते आणि रिपोर्टवर 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' असा शिक्का बसतो. स्नायू तिथे आरोपी नसतो, बळी असतो. औषधांचा इतिहास विचारल्याशिवाय तो शिक्का मारू नये.

विचारायची औषधं: कॅबर्गोलिन, मायग्रेनसाठी महिनोन्महिने घेतलेलं अर्गोटामिन, बाहेरून मागवलेल्या वजन कमी करायच्या गोळ्या. कॅबर्गोलिनबाबत घाबरवून सोडू नका. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढलं असेल तर आठवड्याला ०.५ ते २ मिग्रॅ लागतं. पार्किन्सनमध्ये दिवसाला ३ मिग्रॅच्या वर जायचे, धोका प्रामुख्याने तिथला. एकात 'आठवड्याला' आणि दुसऱ्यात 'दिवसाला' आहे, हे पेशंटला बोटाने दाखवून सांगा.

ब्रोमोक्रिप्टिनचा प्रश्न हमखास येतो, कारण बाळंतपणाच्या सुमारास होणाऱ्या कार्डिओमायोपॅथीत ते देतात. तिथे हेतू सेरोटोनिनचा नाही. प्रोलॅक्टिनचा १६ किलोडाल्टनचा तुकडा केशवाहिन्यांना मारक ठरतो, म्हणून प्रोलॅक्टिन उतरवायचं. २.५ मिग्रॅ रोज एक आठवडा. पंपिंग फारच खालावलेलं असेल तर २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा दोन आठवडे, मग रोज एकदा सहा आठवडे. ५-एचटी२बीवर ब्रोमोक्रिप्टिन दुबळं आहे आणि मुदत आठवड्यांची, त्यामुळे झडपेची चिंता इथे नाही. चिंता गुठळीची. सोबत रक्त पातळ ठेवणारं औषध किमान प्रतिबंधक मात्रेत हवंच. आणि दूध बंद होणार, हे घरच्यांना आधी सांगा, नंतर नाही.

फेनफ्लुरामिन २०२० मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम या लहानपणीच्या अपस्माराच्या झटक्यांसाठी कमी मात्रेत परत आलंय. सुरू करण्याआधी इको, मग दर सहा महिन्यांनी, आणि थांबवल्यावरही एकदा.

आता एसएसआरआय. या गोळ्या ५-एचटी२बीला थेट चालू करत नाहीत, म्हणून त्यांना फेनफ्लुरामिनच्या रांगेत बसवू नका. सेरोटोनिन आत ओढणारा ट्रान्सपोर्टर मुळातच नसलेल्या उंदरांत हृदयात फायब्रोसिस आणि झडपांचा आजार दिसला (२००६), आणि २०२३ च्या एका कामात मायट्रल झडपेची झीज आधीच असलेल्यांत ट्रान्सपोर्टर मंदावणं हे आजार पुढे सरकण्याशी जोडलं गेलं. ते लक्षात ठेवण्याजोगं आहे, पण त्यावरून गोळी बंद करायची नसते. हार्ट फेल्युअरमध्ये सेर्ट्रालिनची चाचणी (२०१०, ४६९ पेशंट) सुरक्षित ठरली, नैराश्यावर मात्र प्लासिबोपेक्षा सरस नव्हती. एस्सिटालोप्रामच्या चाचणीत (२०१६, ३७२ पेशंट) मृत्यू आणि भरती यात फरक नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो रिसेप्टरमुळे नाही, पुढच्या गोष्टींमुळे:

पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन या एसएसआरआय सीवायपी२डी६ हे यकृतातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल हे बीटा-ब्लॉकर रक्तात साचतात आणि नाडी ४५ वर येते. मग कोणीतरी बीटा-ब्लॉकरच बंद करतं, जो पेशंटला जगवतो. दोष दुसऱ्या गोळीचा असतो.

लॅसिक्सबरोबर (लघवी वाढवणारी गोळी) एसएसआरआय दिली की सोडियम घसरतं. वयस्कर बाई, सुस्ती, गोंधळ: सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत सोडियम बघा.

सिटालोप्राम वयाच्या साठीनंतर २० मिग्रॅपेक्षा जास्त नको, ईसीजीवरचा क्यूटी हा कालावधी लांबतो. त्यात उलटीसाठी शिरेतून ऑन्डान्सेट्रॉन आणि लॅसिक्सने उतरलेलं पोटॅशियम जमलं, की टॉर्साड या जीवघेण्या बिघडलेल्या ठोक्यांना आमंत्रण. ऑन्डान्सेट्रॉन ५-एचटी३ रोखतं, पण क्यूटी लांबतो तो हृदयाच्या पोटॅशियम चॅनलमुळे. सिसाप्राइड या पोटाच्या औषधाचंही तेच: ५-एचटी४ वर चालायचं, घात केला पोटॅशियम चॅनलने. औषधाचं नाव सेरोटोनिनशी जोडलेलं आहे म्हणून हृदयावरचा प्रत्येक परिणाम सेरोटोनिनच्या माथी मारू नये.

---

थंड_नळी

'सीरममधलं सेरोटोनिन' हे वाचून लिहायला बसलो.

सीरममध्ये तुम्ही मोजता ते प्लेटलेटच्या कोठारातलं सेरोटोनिन, रिसेप्टरला भेटणारं नाही. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि माल बाहेर येतो. ढोबळ हिशेब धरा: सीरममध्ये मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम, प्लेटलेट काढलेल्या प्लाझ्मात साधारण १. नमुना घेताना फक्त एक टक्का प्लेटलेट फुटल्या तर १.५ नॅनोग्रॅमची भर पडते, म्हणजे १ चे अडीच झाले. 'आजारात सेरोटोनिन अडीचपट' असे निष्कर्ष अनेकदा सुईच्या टोकावर जन्मतात.

करायचं असं: ईडीटीएची नळी आधीच बर्फात. शेपटीतून पिळून रक्त घेऊ नका, पिळलं की प्लेटलेट चेतल्या. भूल देऊन हृदयातून किंवा महाधमनीतून जाड सुईने, सावकाश, सिरिंज जोरात न ओढता. अर्ध्या तासाच्या आत ४ अंशांवर पहिला फेरा, वरच्या प्लाझ्माचा दोन तृतीयांश भागच उचला, मधल्या पांढऱ्या थराला पिपेट लावू नका. तोच प्लाझ्मा दुसऱ्यांदा जास्त वेगाने फिरवा. त्यातल्या प्लेटलेट मोजून आकडा वहीत लिहा. दुसऱ्या फेऱ्याआधी गोठवलंत तर उरलेल्या प्लेटलेट वितळताना फुटतात आणि सगळं मुसळ केरात.

हृदयाच्या ऊतीत मोजायचं असेल तर आधी थंड हेपरिन-सलाइनने हृदय धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग पर्क्लोरिक आम्लात थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट घालून त्यात वाटा आणि इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टरवर एचपीएलसी. एक अडचण मात्र धुऊन जात नाही: रॅट आणि उंदराच्या मास्ट पेशींत सेरोटोनिन भरपूर असतं, माणसाच्या मास्ट पेशींत नगण्य. रॅटच्या हृदयातला आकडा माणसाला जसाच्या तसा लावू नका.

वेस्टर्न ब्लॉट. ५-एचटी२बीच्या बाजारातल्या अँटिबॉडीवर आंधळा विश्वास नको. ५४ किलोडाल्टनजवळ पट्टी आली म्हणजे तोच, असं होत नाही. रिसेप्टर घातलेल्या एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) आणि न घातलेल्या एचईके पेशी, दोन्ही त्याच जेलवर चालवा. दोन्हीकडे पट्टी आली तर अँटिबॉडी कचऱ्यात. नमुना ९५ अंशांवर उकळू नका. पडद्यातून सात वेळा आरपार जाणारं प्रोटीन उकळलं की गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतं. ३७ अंशांवर ३० मिनिटं पुरे. शिवाय अख्ख्या हृदयाचा लगदा केलात तर फायब्रोब्लास्ट की स्नायूपेशी हे कळणारच नाही, आणि गोळी_बारीक यांनी सांगितल्याप्रमाणे सगळा मुद्दा तोच आहे. कोलॅजिनेजने पेशी सुट्या करा, स्नायूपेशी कमी वेगात तळाशी बसवा, वरच्या द्रवातले फायब्रोब्लास्ट दोन तास प्लेटला चिकटू द्या, मग दोन्हींवर क्यूपीसीआर, म्हणजे रिसेप्टरच्या एमआरएनएची मोजणी.

---

सूक्ष्मदर्शी

खूप आभार. आराखडा अर्धा खोडला. ८५ मिग्रॅ काढलं, लोसार्टान गट घातला, सीरम काढलं. सुट्या पेशींसाठी गटातले तीन प्राणी वेगळे ठेवतो, त्याच हृदयाचे काप आणि पेशी दोन्ही मिळणार नाहीत हे उशिरा लक्षात आलं. एकच राहिलं: १४ दिवसांचं आयसोप्रेनालिन एकदाच विरघळवून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल ना?

---

गोळी_बारीक

नाही. हवा आणि उजेड लागला की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि द्रावण गुलाबी पडतं. रोज सकाळी ताजं करा, सलाइनमध्ये ०.१ टक्का ॲस्कॉर्बिक आम्ल घालून, नळीला फॉइल गुंडाळून. सलाइन गटालाही तेच ॲस्कॉर्बिक आम्ल द्या, ते स्वतः अँटिऑक्सिडंट आहे आणि वर एमएओ-एची पेरॉक्साइडवाली वाट सांगितलीच आहे. द्रावण गुलाबी दिसलं की ओतून द्या, त्या दिवशीचा डोस उशिरा झाला तरी चालेल.